असरपर्यंतची मुदत

परसदारी चार कोंबड्या पाळणाऱ्या घरात हा प्रश्न कधी ना कधी उभा राहतोच. मुंगसाने झडप घातली, कुत्र्याने पंख धरला किंवा खुराड्याच्या दारात पंख अडकला. कोंबडी जिवंत आहे, पण एक पंख लोंबतो आहे. आता जबह करायची की जगवायची? आमच्या मोहल्ल्यात बहुतेक वेळा तिसराच मार्ग धरला जातो. "पडू द्या कोपऱ्यात, जगली तर जगली." आम्हाला वाटते, तिन्हींपैकी हाच मार्ग सर्वांत वाईट.

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे ही वेळ आली. भर दुपारी मुंगसाने तांबड्या कोंबडीचा डावा पंख धरला. आम्ही ओरडत धावलो तेव्हा ते सोडून पळाले. आमच्या घरच्या कोंबड्या सासूबाईंच्या. अंड्यांचे पैसे त्यांच्या बटव्यात जातात आणि नातवंडांची ईदी त्यातूनच निघते. म्हणून निर्णयही त्यांचाच. शेजारच्या खाला म्हणाल्या, "अम्मा, लगेच हलाल करून घ्या. आपोआप मेली तर हरामात जाईल." सातवीतली आमची लेक रडकुंडीला आली, "दादी, नको ना!"

खालांचे म्हणणे धर्माला धरून होते. सूरह माइदाच्या तिसऱ्या आयतीनुसार हिंस्र प्राण्याने फाडून मेलेले जनावर हराम आहे. पण जीव असतानाच त्याला जबह केले, तर ते हलाल. अम्मा दोघींनाही म्हणाल्या, "आधी तिला नीट बघू द्या. असरपर्यंत मुदत. पाणी प्यायली, उभी राहिली तर ठेवू. नाही तर तिला ताटकळत ठेवायचे नाही."

आम्ही तिच्यावर जुना टॉवेल टाकून तिला अलगद उचलले. डोळ्यांपुढे अंधार झाला की कोंबडी शांत होते. छाती मात्र दाबायची नाही. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचे हाड खालीवर झाले तरच त्याला श्वास घेता येतो. मग दोन्ही पंख शेजारी शेजारी ताडून पाहिले. मुंगसाच्या दातांची भोके बारीक पण खोल असतात आणि पिसांखाली लपतात, म्हणून पिसे बाजूला सारून कातडी पाहिली. हाड बाहेर आलेले नव्हते. तसे असते तर त्या जखमेत पाणी ओतणे धोक्याचे. पंखाचे खांद्याजवळचे हाड पोकळ असते आणि आतल्या हवेच्या पिशवीला जोडलेले असते. तिथून पाणी आत जाऊ शकते.

उकळून कोमट केलेल्या अर्ध्या लिटर पाण्यात सपाट चमचाभर मीठ घालून जखम धुतली. पोव्हिडोन आयोडीन फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ करून लावले. मग तिला डालग्याखाली ठेवले. रक्त दिसले की बाकीच्या कोंबड्या टोचून टोचून जखम वाढवतात, म्हणून वेगळे ठेवणे भाग असते. पण त्या तिला दिसत राहतील अशीच जागा निवडली, म्हणजे परत कळपात सोडताना मारामारी कमी होते. वाहते रक्त नापाक, म्हणून कपडे बदलून आम्ही नमाजला उभे राहिलो. असरच्या अजानीला ती वाटीतले पाणी पीत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी तपासून सांगितले, कोपराखालचे हाड मोडले आहे. औषध देण्याआधी त्यांनी अम्मांना विचारले, "आजी, ही ठेवायची आहे की खायची?" प्रश्न महत्त्वाचा होता. औषध दिले की ते सांगतील तितके दिवस तिची अंडी आणि मांस दोन्ही वर्ज्य. म्हणजे कापायचे की नाही हे औषधाच्या आधी ठरवायला हवे. आपल्या घरातली वेदनेची गोळी अंदाजाने कोंबडीला देणे तर अजिबात नको. अम्मा म्हणाल्या, "ठेवायची."

डॉक्टरांनी पंख नैसर्गिक घडीत मिटवला, त्याला आठाच्या आकड्यासारखा पट्टा गुंडाळला आणि मग सैलसर वेढा अंगाभोवती घेतला. पिसांना चिकटणारी पट्टी वापरली नाही. पावसाळ्यात माश्या बसल्या तर एका दिवसात जखमेत अळ्या होतात. म्हणून लेक रोज सकाळी डालगे उचलून जखमेचा वास घ्यायची आणि कडा बघायची. सुमारे तीन आठवड्यांत हाड जुळते. पट्टा त्याहून जास्त दिवस ठेवला तर सांधा आखडतो. आमच्या तांबडीचा पंख आजही जरा खाली असतो. ती जांभळावर चढत नाही, म्हणून खुराड्यातली दांडी आम्ही वीतभर उंचीवर बसवली. अंडी मात्र पुन्हा घालू लागली.

सगळ्याच कोंबड्या वाचत नाहीत. हाड बाहेर आले असेल, चोच उघडी टाकून धापा टाकत असेल, पाण्याकडे वळत नसेल, तर तासाभरात डॉक्टर गाठावा किंवा जाणत्या हाताने जबह करावी. प्रेषितांनी (स.) जबह करतानाही सुरी धारदार करायला आणि जनावराला आराम द्यायला सांगितले आहे. म्हणजे कापण्यातही रहमत आहे.

हदीसमध्ये त्या बाईचा किस्सा आपण सगळेच मुलांना सांगतो, जिला मांजरीमुळे अजाब झाला. तिने मांजरीला मारले नव्हते, बांधून ठेवले होते. खायलाही दिले नाही आणि स्वतःचे पोट भरायला मोकळेही सोडले नाही. कोपऱ्यात पडलेल्या जखमी कोंबडीचे आपण हेच करतो. हलाल करणे जुल्म नाही, जगवणे खुळेपणा नाही. पाळलेला जीव अमानत आहे आणि त्याच्याबद्दलचा निर्णय त्याच दिवशी घेणे हा त्याचा आपल्यावरचा हक्क आहे.