छेदस्थानीं कोण?

साथरोगशास्त्र नांवाचा विषय विद्यापीठांत शिकवितात हें पुष्कळ सुशिक्षितांस २०२० सालापर्यंत ठाऊक नव्हतें. आणि ठाऊक झालें तेंही वर्तमानपत्रांतील आंकड्यांच्या धास्तीनें. त्यामुळें आमच्या पुतणीनें एम्.बी.बी.एस्.ची पदवी घेतल्यावर शस्त्रक्रिया, बालरोग वगैरे सोडून या शास्त्राच्या वरच्या वर्गांत नांव घातलें, तेव्हां घरांतील मंडळी हिरमुसलीं झालीं. "नाडी पाहायला शिकली आणि आतां दारोदार खानेसुमारी करीत हिंडणार!" असे आमच्या भावजयीचे उद्गार आहेत. आईला असें वाटावें यांत नवल नाहीं. जो डॉक्टर रोग बरा करितो त्याला रोगी जन्मभर नमस्कार करितो. ज्याच्यामुळें रोग झालाच नाहीं त्याला नमस्कार करण्याचें कोणाच्या ध्यानींही येत नाहीं. खुद्द वैद्यकाच्या विद्यार्थ्यांतही या विषयाची प्रतिष्ठा बेताचीच. परीक्षेपुरता पाठ करावा आणि दुसऱ्या दिवशीं विसरावा, अशांत त्याची गणना होते.

आम्ही इंग्रजी वाङ्मयाचे अध्यापक. गणिताशीं आमचा संबंध उत्तरपत्रिकांवरील गुणांची बेरीज करण्यापुरता. परंतु पुतणी सुटींत आली म्हणजे तिचीं पुस्तकें आमच्या मेजावर येऊन पडतात, आणि छापलेलें कांहींही वाचण्याची आम्हांस जुनी खोड आहे. चाळतां चाळतां असें दिसून आलें कीं, या शास्त्राचा सारा भर अपूर्णांकाच्या खालच्या अंकावर आहे. मेले किती, पडले किती, हा अंश. तो चटकन् डोळ्यांत भरतो, कारण त्याच्या मागें आक्रोश असतो. पण कितींपैकीं? हा प्रश्न छेदाचा. आणि छेदांत जीं माणसें बसलेलीं असतात तीं बहुतेक धडधाकट, आपापल्या उद्योगांत गढलेलीं, कोणाच्या खिजगणतींत नसलेलीं अशीं असतात.

या वर्गांत विद्यार्थ्यांस आरंभींच लंडनमधील ब्रॉड स्ट्रीटची हकीकत सांगतात. १८५४ च्या ऑगस्टअखेर तेथें पटकी उसळली आणि दहा दिवसांत पांचशेंहून अधिक माणसें दगावलीं. डॉक्टर जॉन स्नो यांनीं मृतांचीं घरें शोधून काढलीं. तीं एका सार्वजनिक पंपाभोंवतीं दाटलेलीं आढळलीं. आणि त्यांच्या सांगण्यावरून ८ सप्टेंबर रोजीं पंपाचा दांडा काढून टाकण्यांत आला. दांडा निघाला आणि साथ थांबली, असा या गोष्टीचा लोकप्रिय शेवट आहे. तो खरा नाहीं. साथ त्यापूर्वींच ओसरूं लागली होती, हें स्नोंनीं स्वतःच लिहून ठेविलें आहे.

आम्हांस मोह पडला तो या हकीकतींतील न मेलेल्यांचा. पंपाजवळच बिअरचा एक कारखाना होता. त्यांत सत्तरांहून अधिक मजूर असून एकही दगावला नाहीं. त्यांस कारखान्यांतून बिअर मिळे, आणि पंपाकडे ते फिरकत नसत. पलीकडे पोलंड स्ट्रीटवरील दरिद्राश्रमांत ५३५ निराश्रित राहत. सभोंवार घरोघर प्रेतें निघत असतां तेथें मृत्यु झाले अवघे ५. आश्रमाची विहीर स्वतःची होती. उलट पक्षीं, दूर हॅम्स्टेडला राहावयास गेलेली एक विधवा बाई पटकीनेंच वारली. ती पूर्वीं ब्रॉड स्ट्रीटच्या शेजारांत राहिलेली; त्या पाण्याची चव तिला इतकी आवडे कीं गाडीबरोबर ती तेथील पाण्याची बाटली मुद्दाम आणवीत असे. गांवच्या विहिरीच्या पाण्याची गोडी मुंबईंत बसून वर्णन करणाऱ्या आमच्या कोंकणी मित्रांस या बाईचें मन निराळें समजावून सांगावयास नको.

स्नोंचें म्हणणें त्या काळीं सहजासहजीं कोणास पटलें नाहीं. न पटलेल्यांपैकीं एक हेन्री व्हाइटहेड नांवाचा तरुण पाद्री होता. हा ऑक्सफर्डचा पदवीधर. वैद्यकाशीं त्याचा कांहीं संबंध नव्हता. स्नोंचा तर्क खोडून काढावा म्हणून तो घरोघर फिरला, एकेका घरीं पुनःपुन्हां गेला, आणि जे आजारी पडले नव्हते त्यांसही त्यानें 'तुम्ही पंपाचें पाणी प्यालां होतां काय?' असें विचारलें. पुरावा स्नोंच्याच बाजूनें जमत गेला. शेवटीं ४० नंबरच्या घरांतील एका तान्ह्या मुलीच्या दुखण्यापर्यंत तो पोंचला. तिचीं दुपटीं धुतलेलें पाणी आईनें ज्या मैलाहौदांत ओतलें, तो पंपाच्या विहिरीला अगदीं लागून होता व त्याचें बांधकाम खिळखिळें झालेलें होतें. या दोघांत आम्हांस व्हाइटहेड अधिक जवळचा वाटतो. स्नोंजवळ सिद्धान्त होता. याच्याजवळ ओळखी होत्या. लोक त्याला दार उघडीत आणि खरें सांगत.

पुढें १९५० सालीं रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनीं तंबाखूसंबंधीं जो निबंध प्रसिद्ध केला त्याचें मर्मही हेंच. फुप्फुसाचा कर्करोग झालेल्या ६४९ पुरुषांत तंबाखू न ओढणारे अवघे २ निघाले. परंतु त्या काळच्या इंग्लंडांत पुरुष बहुतेक सारेच तंबाखू ओढीत, तेव्हां एवढ्यावरून काय ठरणार? म्हणून त्यांनीं दुसऱ्या रोगांनीं आजारी असलेले त्याच वयाचे ६४९ पुरुष घेतले. त्यांत न ओढणारे २७ सांपडले. या दोन अंकांतील अंतरानें पुढें जगाच्या संवयी बदलल्या. हिल हे डॉक्टर नव्हतेच. तरुणपणीं क्षयानें गांठल्यामुळें त्यांचें वैद्यक हुकलें व त्यांनीं अर्थशास्त्राची पदवी घेतली. ही गोष्ट आम्हीं भावजयीस सांगून पाहिली. तिचा उपयोग झाला नाहीं.

मोजणीनें मन कोरडें होतें, हा भावजयीचा खरा आक्षेप आहे, आणि तो सहज उडवून लावण्याजोगा नाहीं. त्या बाबतींत घरांतीलच एक प्रसंग सांगतों. १९१८ च्या इन्फ्लुएंझाला आपल्याकडे मानमोडी म्हणत. त्या साथींत दिवाळीपूर्वींच्या पंधरवड्यांत आमच्या आजोबांच्या घरांतील चार माणसें गेलीं. हें आख्यान आमच्या आत्याबाई, आतां पंच्याऐंशीच्या पुढें गेलेल्या, वडिलांकडून ऐकल्याप्रमाणें सांगतात. आम्हीं तें लग्नामुंजींत अनेकदां ऐकलें आहे. या खेपेस पुतणीनें मध्येंच विचारलें, "आजी, तेव्हां घरांत एकंदर माणसें किती होतीं?"

आत्याबाई थबकल्या. मग बोटांचीं पेरें मोजूं लागल्या. एकोणीस भरलीं. पडलीं किती? अकरा. गेलीं तीं कोणत्या वयाचीं? सारीं विशीतिशींतलीं, म्हातारीं माणसें राहिलीं. यावर पुतणी म्हणाली कीं, त्या साथीची खूण हीच होती. वीस ते चाळीस या वयावर तिनें जगभर घाला घातला. हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें मेलीं असावींत, आणि १९२१ च्या खानेसुमारींत देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वींपेक्षां किंचित् कमीच भरली.

"आणि मुळींच न पडलेलीं कोण?" तिनें पुढें विचारलें.

"अग, जीं पडलींच नाहींत त्यांचें काय सांगायचें?" आत्याबाई चिडून म्हणाल्या. तरी आठवूं लागल्या. आठवतां आठवतां एक विधवा चुलत आजी निघाली. अकराही जणांचीं अंथरुणें तिनेंच काढलीं, पेज तिनेंच पाजली, आणि तिला साधी कणकणही आली नाहीं. गेलेल्या चौघांचीं नांवें आणि तिथी आत्याबाईंस मुखोद्गत आहेत. या बाईचें नांव त्यांस आठवेना. आम्हीं तिचा उल्लेखही त्या दिवशींच प्रथम ऐकला.

छेदाचा अंक नेहमीं दिलासाच देतो असें मात्र नाहीं. जुलै २०२० मध्यें महानगरपालिका, टाटा मूलभूत संशोधन संस्था आदिकरून मंडळींनीं मुंबईंतील तीन विभागांत रक्त तपासून पाहिलें, तेव्हां झोपडपट्ट्यांत शंभरांपैकीं सुमारें ५७ जणांस आणि इतर वस्तींत सुमारें १६ जणांस कोरोना होऊन गेल्याच्या खुणा आढळल्या. त्यांतील बहुतेकांस त्याचा पत्ताही नव्हता. लागण झालेल्यांची संख्या अशी फुगल्यामुळें, लागण होऊन मरण्याचें प्रमाण वाटलें होतें त्याहून पुष्कळ खालीं आलें, आणि वर्तमानपत्रांनीं सुटकेचा श्वास सोडला. पण ५७ आणि १६ हे आंकडे शेजारीं शेजारीं मांडून पाहिल्यावर, एका संडासापुढें रांग लावणाऱ्या चाळीस कुटुंबांस 'अंतर राखा' म्हणून सांगणाऱ्या आमच्यासारख्यांस तो श्वास पुरा सोडवत नाहीं.

पुतणी सध्यां विद्यापीठाच्या कामासाठीं खेडोपाडीं फिरत आहे. एका गांवीं काविळीची साथ होती. यादींतील आजाऱ्यांचीं घरें संपवून ती शेजारच्या घरीं गेली, तेव्हां दारांतील बाई म्हणाली, "आमच्यात कुनीच आजारी न्हाई बाई. तुमी घर चुकलासा." ती उंबऱ्याशीं बसली, वही उघडली आणि पाणी कोठून भरतां म्हणून विचारूं लागली.