एका चौकोनात दोन वेलांट्या

त्या रविवारचा राग प्रस्तुत लेखकाच्या डोक्यातून अजून गेलेला नाही. राग तरी कशावर? एका वेलांटीवर.

नेम जुना. रविवारची पुरवणी आली की आधी शब्दकोडे, बाकी जग नंतर. दुपारी नारायण पेठेतल्या अमृततुल्यात एका निवृत्त मुद्रितशोधकाशी ताळा करायचा. दोघांनी आपापली कात्रणे टेबलावर ठेवायची. ज्याचे जास्त चुकले त्याने चहा पाजायचा.

त्या दिवशी उजवीकडचा खालचा कोपरा तेवढा अडला. आडवा शब्द, दोन अक्षरी: 'मोरोपंत, उदाहरणार्थ'. कवी, दुसरे काय! त्याच्या शेवटच्या अक्षरातून खाली उतरणारा तीन अक्षरी शब्द: 'शेताची तहान इथे भागते'. विहीर. पण 'कवी'ला दुसरी वेलांटी, 'विहीर'ला पहिली, आणि चौकोन एकच. १९६२च्या लेखननियमांनी 'कवि'चा 'कवी' केला त्यालाही आता जमाना झाला. पहिली वेलांटी उरली ती 'कविराज'सारख्या समासात. म्हणजे दोहोंपैकी एक शब्द चूक. कोणता?

अर्धा तास खोडरबर चालले. मग उजेड पडला. मोरोपंत, उदाहरणार्थ... पंत! पंतकवी म्हणतोच की आपण. 'त'वरून खाली तलाव. शेताची तहान तिथेही भागते. तलावाच्या 'व'वर संपणारा दोन अक्षरी शब्द, 'दिवाळीत सगळे इथे परततात': गाव. काना, मात्रा, वेलांटी सगळे चोख. लेखक जिंकल्याच्या थाटात अमृततुल्यात पोचला.

मित्राच्या कात्रणात कवी, विहीर, घर. आणि त्या वादग्रस्त चौकोनात 'व'च्या दोन्ही बाजूंना वेलांटी!

"अहो, हे काय?"

"आडवे वाचताना उजवीकडची घ्या, उभे वाचताना डावीकडची."

जन्मभर लोकांच्या वेलांट्या सुधारलेल्या माणसाचे हे उत्तर. पुढच्या रविवारी उत्तर छापून आले: कवि, विहीर, घर. शुद्ध लिहिणारा हरला, अशुद्ध लिहिणारा जिंकला.

आर्थर विनने २१ डिसेंबर १९१३ रोजी न्यूयॉर्क वर्ल्डच्या रविवार पुरवणीत पहिले शब्दकोडे दिले, तेव्हा त्याला ही कटकट नव्हती. इंग्रजी अक्षरे सुटी, कशीही फिरवा. गूढ कोड्यांचा बराचसा डोलारा त्या फिरवाफिरवीवर उभा आहे. आपल्या चौकोनात मात्र स्वर चिकटलेले अख्खे अक्षर बसते. 'ती होडी जाडी होती' उलटे वाचा, काही बिघडत नाही. 'चिमा काय कामाची' उलटे वाचा, पहिल्याच अक्षराला वेलांटी चुकते. शाळेत यावर कोणीच हरकत घेतली नाही, हे आता आठवून आश्चर्य वाटते.

दोन उत्तरे बसणारे कोडे हे कोडे नव्हे, तो मटका, असे लेखकाचे ठाम मत झाले. त्याला आधारही होता. पूर्वी बक्षिसाच्या शब्दकोड्यांवर लोक प्रवेश फी भरून पैसे लावत. १९५५च्या कायद्याने त्या बक्षिसांना महिन्याला हजार रुपयांची मर्यादा घातली आणि १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबई राज्याच्या खटल्यात असल्या स्पर्धांना जुगारातच काढले. इथे पणाला लागला होता फक्त चहा, पण चीड तीच.

मग गणेशोत्सवात सोसायटीने लेखकालाच कोडे रचायला सांगितले. नऊ बाय नऊ. चार संध्याकाळी दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सातही खंड जमिनीवर पसरून तो बसला. पुण्यातच १९३२ ते १९३८ या काळात सिद्ध झालेला एवढा थोरला कोश, पण हवा तिथे हवा तो शब्द देईना. शेवटी 'मती' आडवा आणि त्याच्या 'ती'तून 'तिळगूळ' उभा, असा एक सांधा राहिलाच. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. लेखकाने 'मति' लिहिले आणि दिवा मालवला.

कोडी रचणाऱ्यांना तरीही एक विनंती आहे: खाली बारीक टाइपात 'ऱ्हस्व-दीर्घ माफ' एवढे छापा. सोडवणाऱ्याचा रविवार वाचेल.

लेखकाच्या कोड्याखाली ती ओळ नव्हती. सोसायटीत कोणी तक्रार केली नाही. मुद्रितशोधक मित्राने तेवढे सोडवलेले कोडे टेबलावर ठेवले. 'त'ला दोन वेलांट्या होत्या. चहाचे पैसे लेखकाने दिले.