होयेनचे पाहणे

डॅनिश कलेतिहासाचा जनक म्हणून ज्याचा उल्लेख होतो, त्या नील्स लाउरिट्स होयेन (१७९८–१८७०) याने हयातीत फार थोडे छापले. त्याचे लेखन तीन खंडांत एकत्र आले ते त्याच्या मृत्यूनंतर, १८७१ ते १८७६ या काळात, योहान लुडविग उसिंग या अभिजात विद्येच्या अभ्यासकाच्या संपादनाखाली. होयेन हा मुख्यतः बोलणारा समीक्षक होता. कोपनहेगनच्या कला अकादमीत तो १८२९ पासून इतिहास आणि पुराणकथा या विषयांचा प्राध्यापक. १८३९ पासून राजसंग्रहातील चित्रांच्या देखरेखीत त्याचा वाटा. १८५६ पासून विद्यापीठात तो कलेतिहास शिकवू लागला. म्हणजे चित्रकार जेथे घडतात, जुनी चित्रे जेथे जपली जातात आणि चित्रांविषयीचे ज्ञान जेथे सिद्ध होते, त्या तिन्ही ठिकाणी एकच आवाज ऐकू येत होता. एवढी सत्ता समीक्षकाच्या वाट्याला क्वचितच येते. (ती आली की तो स्वतःला समीक्षक म्हणवतो की मार्गदर्शक, हेही पाहण्यासारखे असते.)

लिहिलेल्या समीक्षेशी पुढचा वाचक वाद घालू शकतो. बोललेली समीक्षा ऐकणाऱ्यांच्या सवयींत मुरते. होयेनचे श्रोते चित्रकार होते, त्यामुळे त्याची संहिता शोधायची तर ती बरीचशी इतरांच्या कॅनव्हासवर शोधावी लागते.

होयेनच्या विचाराला जो काळ लाभला तो पराभवांचा होता. १८०७ मध्ये इंग्रजांनी कोपनहेगनवर तोफा डागल्या, १८१३ मध्ये राज्याचे दिवाळे निघाले, १८१४ मध्ये नॉर्वे हातातून गेले. दक्षिणेकडे श्लेसविग आणि होल्स्टाइन या प्रांतांत जर्मन आणि डॅनिश भाषिकांचा तंटा चिघळत होता. अशा आक्रसलेल्या देशात, २३ मार्च १८४४ रोजी, स्कँडिनेव्हियन राष्ट्रीय कलेच्या विकासाला कोणत्या अटी आवश्यक आहेत या विषयावर होयेनने व्याख्यान दिले. त्यातली भूमिका थोडक्यात अशी : कला लोकजीवनापासून तुटली आहे, कलावंताने आपला इतिहास, उत्तरेच्या पुराणकथा, आपली भूमी आणि तीवर राबणारी माणसे यांच्याकडे वळले पाहिजे. दुसऱ्याच दिवशी बेर्टेल थोरवाल्डसेन वारला. चाळीस वर्षे रोममध्ये राहून ग्रीक देव घडवणारा, युरोपभर कीर्ती पावलेला हा शिल्पकार डेन्मार्कचा अभिमान होता आणि होयेनला जी दिशा सोडायला हवी होती तिचा सर्वांत मोठा प्रतिनिधीही होता. योगायोगाला अर्थ चिकटवू नये हे खरे. पण या दोन तारखा शेजारी ठेवल्यावर त्यांच्यावरून नजर सहज पुढे सरकत नाही.

व्याख्यानाचा परिणाम काय झाला, असे विचारण्याची रीत आहे. अडचण अशी की, उत्तम उदाहरणे व्याख्यानाच्या आधीची आहेत. योहान थोमास लुंडब्यूने रेफ्सनेसच्या टेकाडावरील प्राचीन दगडी थडगे रंगवले ते १८३९ मध्ये, आणि रोस्किल्ड फ्योर्डच्या किनाऱ्याचे त्याचे मोठे चित्र १८४३ चे. पहिल्या चित्रात विस्तीर्ण आभाळाखाली काही धोंडे, वाऱ्याने लवलेले गवत. कोणताही प्रसंग नाही, कोणीही वीर नाही. (हे चित्र थोरवाल्डसेनच्याच संग्रहात होते, हेही विसरू नये.) लुंडब्यूने होयेनला ऐकले होते हे निश्चित, तरी त्या गवताचे श्रेय समीक्षकाकडे देता येत नाही. एकर्सबेरने अकादमीत आपल्या विद्यार्थ्यांना समोरचे दृश्य निरखायला शिकवले होते. ते निरखणे शहराबाहेर पडले, एवढेच. होयेनने या घडत असलेल्या गोष्टीला नाव दिले. नाव मिळाल्यावर तिचा नियम होतो, आणि हीच होयेनच्या कार्यातील खरी अडचण आहे.

नियमानुसार चालणारी पिढी नंतर आली. यूलियस एक्सनेर, ख्रिस्तेन डाल्सगोर, फ्रेडेरिक वर्मेरेन हे खेड्यापाड्यांत गेले. एक्सनेरच्या चित्रांतील शेतकरी बहुधा सणाच्या पोशाखात दिसतात; पोशाखाचा प्रत्येक टाका ओळखता येतो, पण कष्टाचा वास त्या घरांत शिरत नाही. वर्मेरेनचा १८५५ चा यूटलंडमधील मेंढपाळ मात्र माळावर एकटा मोजा विणत उभा आहे, आणि त्याला कोणाही राष्ट्राचे प्रतिनिधित्व करायचे आहे असे वाटत नाही. कार्यक्रमातून जन्मलेले चित्र कार्यक्रमाला विसरते तेव्हाच ते तग धरते, असे या दोघांची चित्रे शेजारी ठेवून म्हणावेसे वाटते. लुंडब्यू हे सारे पाहायला नव्हता. १८४८ च्या युद्धात तो स्वेच्छेने सैन्यात गेला आणि एप्रिलमध्ये छावणीत अपघाताने सुटलेल्या गोळीने त्याचा अंत झाला.

कोणाचे पाहणे ‘आपले’ मानायचे, हा प्रश्न एलिसाबेथ येरिकाउ-बाऊमानच्या बाबतीत उघडा पडतो. १८१९ मध्ये वॉर्सॉत जन्मलेली, ड्युसेलडॉर्फला शिकलेली, डॅनिश शिल्पकाराशी लग्न करून आलेली ही चित्रकर्ती होयेनच्या वर्तुळाला परकी वाटत राहिली. राष्ट्रीय आणि युरोपीय अशी दोन कुळे त्या काळी मानली जात, आणि तिची जागा दुसऱ्या कुळात ठरलेली होती. तरीही, पिकलेल्या शेतातून ध्वज खांद्यावर घेऊन निघालेली ‘माता डेन्मार्क’ १८५१ मध्ये रंगवली ती तिनेच. डॅनिशांच्या मनात स्वदेशाची जी प्रतिमा सर्वांत घट्ट बसली, तिच्यात तथाकथित परकीचा हात आहे.

शुद्ध मूळ शोधण्याची होयेनची ओढ दगडांतही दिसते. जुन्या चर्चवास्तूंचा तो अतिशय बारकाईने अभ्यास करी, आणि व्हिबोर्गच्या कॅथीड्रलवर त्याचे विशेष प्रेम होते. १७२६ च्या आगीनंतर त्या वास्तूची बरोक धाटणीने डागडुजी झाली होती. हे थर बाजूला करून मूळ रोमनेस्क रूप परत आणावे, या विचारामागे त्याचे संशोधन उभे होते. १८६३ मध्ये काम सुरू झाले, आणि तळघर व थोडेफार अवशेष वगळता बहुतेक वास्तू पाडून नव्याने बांधण्यात आली. ती १८७६ मध्ये पुरी झाली, तेव्हा होयेनला जाऊन सहा वर्षे लोटली होती. बाराव्या शतकाचे म्हणून जे आज भाविकाच्या नजरेत भरते, ते बरेचसे एकोणिसाव्या शतकातील अभ्यासकाने केलेले बाराव्या शतकाचे वाचन आहे. सतराशे सव्वीसनंतरच्या दीडशे वर्षांना मात्र त्या वाचनात जागा उरली नाही.

या नव्या भिंती काही काळ रंगाविना राहिल्या. १९०१ ते १९०६ या वर्षांत त्यांवर भित्तिचित्रे काढली ती योआकिम स्कोवगोरने. होयेनच्या निकटच्या चित्रकारांपैकी एक असलेल्या पी. सी. स्कोवगोरचा हा मुलगा. बायबलमधील प्रसंगांची ती मोठी, सपाट, ठाशीव चित्रे पाहताना आठवण होते ती इटलीतील आरंभीच्या ख्रिस्ती कलेची.