एकदा ऐकायचं, दहादा वाचायचं

सुरतेतल्या लिंबायत, उधना, नवागाम-डिंडोलीत वाढलेल्या खान्देशी मुलाला भाषांची चणचण कधीच नव्हती. घरात आजीची अहिराणी, शाळेत पुस्तकातली मराठी, गल्लीत गुजराती आणि वडिलांच्या लूम्सच्या खात्यात हिंदी. इंग्रजी ही पाचवी. पण बाकीच्या चार भाषा दिवसभर कानावर आदळायच्या, आणि इंग्रजी मात्र कोणी बोलायचंच नाही. ती गाईडात असायची, फळ्यावर असायची आणि मार्च महिन्यात बोर्डाच्या पेपरात असायची. बारावी पास व्हायचं तर तिच्याशी गाठ घालावीच लागे. आमच्या पिढीची ती गाठ पडली डोळ्यांमार्फत. कानाला जे काही मिळालं ते अभ्यासक्रमाच्या बाहेरून, चोरून आणि फुकट.

खरं तर मराठी माणसाच्या इंग्रजीचा आणि सुरतेचा संबंध पावणेदोनशे वर्षांहून जुना आहे. 1836 साली मराठीचं व्याकरण प्रसिद्ध करणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर 1840च्या दशकात सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिकवत होते. इथेच 1844 मध्ये दुर्गाराम मेहताजींबरोबर त्यांनी मानवधर्म सभा काढली. आम्हाला तेव्हा यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आम्हाला तर्खडकर माहीत होते ते द्वारकानाथ, भाषांतर पाठमालेचे. नानांनी, म्हणजे वडिलांनी, अमळनेरहून येताना तिचे भाग पिशवीत घालून आणले होते. मराठी वाक्य वाचा, इंग्रजी करा. इंग्रजी वाचा, मराठी करा. पाठामागून पाठ. त्या पुस्तकाने हजारो मराठी घरांना इंग्रजी लिहायला शिकवलं, पण त्यातलं एकही वाक्य तोंडातून कसं निघतं हे ते सांगू शकत नव्हतं. पुढे रॅपिडेक्स आलं, कपिलदेवच्या जाहिरातीसह. ते बोलायला शिकवतो म्हणायचं, पण तेही आधी वाचावंच लागायचं.

गुजरातेत तर इंग्रजी कधी सुरू करावी यावरच केवढा वाद झाला होता! स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात ती आठवीवर गेली. गुजरात वेगळा झाल्यावर मगनभाई देसाई आणि ठाकोरभाई ठाकोर यांच्या नावाने दोन तट पडले, एक आठवीवाल्यांचा, दुसरा पाचवीवाल्यांचा. 'मगन माध्यम' हा शब्द मी लहानपणी थट्टेतच ऐकला. मराठी माध्यमाची मुलं या वादात कोणाच्या खिजगणतीत नव्हती, पण परिणाम भोगायला होतीच. सुरत महानगरपालिका आज सात भाषांमधून शाळा चालवते, मराठी त्यातली एक. घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलाला गुजराती मातृभाषेच्या सरांनी मराठी वर्गात इंग्रजी शिकवायची, असा योग इथे काही दुर्मीळ नव्हता. सर 'हॉल'ला 'होल' म्हणायचे. आम्हीही म्हणायचो. पेपरात स्पेलिंग बरोबर आलं की झालं.

वाचनाची तयारी मात्र कसून व्हायची. अनसीन पॅसेज, म्हणजे न शिकवलेला उतारा. त्याखाली प्रश्न. सरांचा एकच मंत्र: 'उत्तर उताऱ्यातच आहे, शोधा.' मग आधी प्रश्न वाचायचे, त्यातला मोठा शब्द हेरायचा, तो उताऱ्यात कुठे आहे ते पेन्सिलीने शोधायचं आणि ती ओळ उचलायची. नवनीत आणि गालाच्या पुस्तकांतले उतारे संपले की मागच्या वर्षीच्या मुलाकडून त्याचे पेपर आणायचे. एकेक उतारा आठ-दहा वेळा वाचला जाई. काही शब्दांचा अर्थ कधीच कळत नसे, पण दहाव्या वाचनापर्यंत तो शब्द वाक्यात काय काम करतोय याचा वास येऊ लागे. ही चिकाटी आमच्या गुणांमुळे आली नव्हती. दुसरं वाचायला काही नव्हतं, म्हणून आली होती.

आणि मग रात्री पावणेनऊ वाजायचे.

आकाशवाणीवर पावणेनऊला हिंदी बातम्या, त्या संपल्या की नऊला इंग्रजी. नानांची पहिली पाळी असली की ट्रान्झिस्टर ओट्यावर येई. हिंदी बातम्या सगळे ऐकायचे. इंग्रजी सुरू झाल्या की अर्धे उठून जायचे, आणि बारावीची मुलं बसवून ठेवली जायची. बरुण हलदार, लतिका रत्नम, सुरजित सेन. त्यांचे चेहरे आम्हाला माहीत नव्हते, पण आवाज घरातल्या माणसांसारखे ओळखीचे. त्या पंधरा-पंधरा मिनिटांत केवढी मोठी शिकवणी दडली होती, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. हिंदीत जे आत्ता ऐकलं तेच बहुतांशी इंग्रजीत यायचं. पूर कुठे आला, पंतप्रधान कुठे गेले, कोणत्या राज्यात काय झालं, हे आधीच ठाऊक. मग इंग्रजीत फक्त ते ओळखायचं. अर्थ हातात घेऊन शब्दांची वाट बघत बसायचं. आज ऐकण्याचा सराव घेणारे चांगले शिक्षक हेच करतात: आधी विषय सांगतात, मग आवाज ऐकवतात. आम्हाला ते दिल्लीहून रोज मिळत होतं, आणि त्यावर परीक्षा नव्हती.

क्रिकेटचं तसंच. समालोचन थोडा वेळ हिंदीत, थोडा वेळ इंग्रजीत. सुरेश सरैया, अनंत सेटलवाड, डॉ. नरोत्तम पुरी. विकेट नेमकी इंग्रजीच्या पाळीत पडायची. मैदानातला गोंगाट वाढला की काहीतरी घडलंय एवढं कळे. काय घडलं ते पुढच्या वाक्यात पकडावं लागे, कारण ते वाक्य परत येणार नव्हतं. ओट्यावर दहा जण असायचे. कुणी 'कॉट' ऐकलं, कुणी 'स्लिप', कुणी फलंदाजाचं नाव. तिघांचं मिळून एक वाक्य पुरं व्हायचं.

गावी जाताना भुसावळ पॅसेंजर नवापूरला थांबायची. ते स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत, आणि घोषणा हिंदी, इंग्रजी, मराठी, गुजराती अशा चार भाषांत. एकच निरोप चारदा. आम्ही खिडकीतून ते फुकटचं भाषांतर ऐकत बसायचो.

आता भाचीची बारावी आहे. गुजरात बोर्ड, शाळा डिंडोलीतली. तिचा इंग्रजीचा अभ्यास बघताना मला आमचा सगळा व्यवहार उलटा झालेला दिसतो. तिच्या कानात इंग्रजी दिवसभर वाहते. यूट्यूबवर कॅनडातली बाई धडा समजावते, ऑस्ट्रेलियातला कुणी स्वयंपाक करतो, कोरियन मालिकेखाली इंग्रजी ओळी सरकतात. शब्द निसटला की बोट मागे जातं. वेग जास्त वाटला की ती तो पाऊण करते. 'मामा, तुम्ही एवढ्या फास्ट बातम्या कशा काय समजून घेत होता?' तिने विचारलं. 'सगळ्या कुठे समजत होत्या?' मी म्हटलं. तिचे उच्चार आमच्या सरांपेक्षा आणि माझ्यापेक्षा कितीतरी स्वच्छ आहेत. तिचा 'हॉल' हॉलच आहे. तिच्या वडिलांचंही लूम्सचंच खातं आहे. फरक फोनने पाडला. हे नाकारणं म्हणजे स्मरणरंजनाचा अप्पलपोटेपणा.

उतारा मात्र ती एकदाच वाचते. दुसऱ्यांदा वाचायला सांगितलं तर तिला तो वेळेचा अपव्यय वाटतो. नवा शब्द आला की फोनचा कॅमेरा धरायचा, गुजरातीत किंवा मराठीत अर्थ उगवतो आणि पाच मिनिटांत मावळतो. लांब परिच्छेदात मधेच तिची नजर खाली घसरते, प्रश्नाकडे. आम्ही एकदा ऐकायचो आणि दहादा वाचायचो. ती दहादा ऐकते आणि एकदा वाचते.

गंमत अशी की तिची परीक्षा अजून आमचीच आहे. गुजरात सरकारने 2007 मध्ये 'स्कोप' सुरू केलं, केंब्रिजच्या परीक्षांशी सांगड घालून. तरुणांना नोकरीपुरती इंग्रजी ऐकता-बोलता यावी हा उद्देश. 2022च्या जूनपासून पहिली-दुसरीतल्या मुलांना इंग्रजी आधी नुसती ऐकायला-बोलायला द्यायची, पुस्तक नंतर, असंही ठरलं. म्हणजे कानाचं महत्त्व सरकारला पटलेलं आहे. पण बारावीचा लेखी पेपर कान टवकारून बसलेल्या मुलीला काहीच विचारत नाही. तो वाचायला आणि लिहायला लावतो. नवापूरच्या पलीकडे, नंदुरबारला राहणाऱ्या तिच्या चुलतभावाच्या इंग्रजीत 80 गुण लेखी आणि 20 तोंडी. केंद्रीय बोर्डाच्या शाळेतल्या मैत्रिणीला ऐकण्याचे वेगळे 5 गुण, तेही शाळेच्या अंतर्गत मूल्यमापनात. एकाच रेल्वेमार्गावर तीन मुलांच्या कानांची किंमत तीन प्रकारे.

कानाची खरी परीक्षा सुरतेत आता बोर्डाबाहेर भरते. परदेशी शिकायला निघालेल्यांसाठी आयईएलटीएसचे क्लास गल्लोगल्ली आहेत. ऐकण्याचे 40 प्रश्न, साधारण अर्धा तास. वाचनाचेही 40, तीन लांब उताऱ्यांवर, एक तास. ऐकण्याच्या भागात ध्वनिफीत एकदाच वाजते. भाचीच्या एका मैत्रिणीने पहिल्या सराव परीक्षेत दुसराच प्रश्न चुकल्यावर हात आपोआप टेबलाकडे नेला, मागे घ्यायला. तिथे बटण नव्हतं. तो प्रश्न मनात धरून बसली आणि पुढचे चार गेले. हे ऐकलं तेव्हा मला आमचा ओटा आठवला. निसटलं ते सोडून पुढचं पकडायचं, ही एकच कला आम्हाला गायिका सुरैयांनी आणि समालोचक सरैयांनी शिकवली होती: गाणंही रेडिओवर परत लागत नसे, आणि षटकही.

तरी ते दिवस परत यावेत असं मला वाटत नाही. ओट्यावर बसवून ठेवलेली बहुतेक मुलंच होती. मुली आत भाकरी टाकत असत, रेडिओ त्यांना भिंतीपलीकडून ऐकू यायचा. आणि आमच्या आठवणींतून एक गोष्ट आम्ही सोयीने गाळतो, ती म्हणजे भीती. वर्गात कुणी इंग्रजीत प्रश्न विचारला तर शब्द कळायच्या आधीच कान बंद व्हायचे. परत विचारायची सोय नव्हती, म्हणून कित्येकांनी ऐकणंच सोडून दिलं आणि इंग्रजीचं नाव काढलं की आजही ते खोलीबाहेर जातात. भाचीच्या हातातल्या मागे नेण्याच्या बटणाने ही भीती काढून टाकली. फोन दहाव्यांदा सांगतानाही चिडत नाही. एवढा धीर आमच्या कुठल्याच शिक्षकात नव्हता.

म्हणून तिच्याशी मी एक सौदा केला आहे. रोज एक बातमीपत्र पहिल्यांदा न थांबवता ऐकायचं, आधी तीच बातमी मराठीत किंवा गुजरातीत वाचून. निसटलेलं निसटू द्यायचं. मग दुसऱ्यांदा हवं तितकं मागे-पुढे करायचं. आणि उतारा कागदावर, पेन्सिल घेऊन, तीनदा. दहादा म्हटलं असतं तर ती उठून गेली असती. तिने अट घातली की मीही बसायचं. आता बातम्यांतलं निम्मं तिला कळतं, उताऱ्यातलं निम्मं मला, आणि दोन्ही निम्म्यांवरून आमची रोज भांडणं होतात. मार्चमध्ये बोर्ड तिला ऐकण्याचा एकही गुण देणार नाही, हे तिला माहीत आहे. तरी नऊ वाजले की फोन तीच काढते.