लाडू मोजायचे की बेसन?

"रिपोर्ट तर नॉर्मल होता!" गेल्या दोन महिन्यांत आमच्या घरी हे वाक्य इतक्या वेळा म्हटलं गेलंय की विचारू नका. दादाला बारा वर्षं डायबेटिस. गोळ्या वेळेवर, चालणं रोजचं, एचबीएवनसी सातच्या आत, एलडीएल ९६. तरीही अँजिओप्लास्टी. छातीत दुखलंसुद्धा नाही, नुसता घाम आणि मळमळ. डायबेटिसमुळे नसा बधिर झाल्या की असं होऊ शकतं म्हणे.

मग मी वाचत सुटलो. एलडीएलचा आकडा सांगतो की त्या कणांमध्ये मिळून कोलेस्टेरॉल किती आहे. कण किती आहेत, ते नाही सांगत. आता उदाहरण लाडवाचंच सुचतंय (डायबेटिसच्या लेखात लाडू, पण इलाज नाही!). बेसन तेवढंच, पण लाडू लहान वळले की जास्त होतात. ट्रायग्लिसराइड वाढलेल्या डायबेटिसवाल्यांच्या रक्तात बरेचदा हेच होतं: कण लहान, घट्ट आणि संख्येने जास्त. आणि धमनीच्या भिंतीत शिरतात ते कण. दादाचे ट्रायग्लिसराइड २८० होते, एचडीएल ३४. खूण त्याच कागदावर होती.

कण मोजायचे कसे? आपण प्रत्येक लाडवावर एक बेदाणा लावतो ना, तसं अशा प्रत्येक कणावर अपोबी नावाच्या प्रथिनाचा बरोब्बर एकच रेणू असतो. बेदाणे मोजा, लाडू कळले. साधी रक्ततपासणी आहे, उपाशीपोटी जावंच लागतं असंही नाही.

बाकी नावंही बरीच आहेत. एचएस-सीआरपी साध्या सर्दीनेही वाढतं, त्यामुळे एका आकड्यावर मी तरी घाबरणार नाही. एनटी-प्रोबीएनपी वेगळं, ते हृदयाच्या स्नायूवर ताण आला की वाढतं. डायबेटिस असणाऱ्यांनी ते किंवा ट्रोपोनिन वर्षातून एकदा तपासावं, असं अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या २०२२च्या अहवालात आहे. लॅबवाल्यांची ती 'संपूर्ण हृदय पॅकेजं' मात्र मला पटत नाहीत. डॉक्टरांना विचारून नेमकं तेवढंच करावं.

आणि आता नातेवाईक मंडळींसाठी. लायपोप्रोटीन-ए ही तपासणी बहुतेकांना आयुष्यात एकदाच पुरते, कारण तो आकडा मुख्यतः आईवडिलांकडून येतो. पथ्याने, चालण्याने जवळजवळ हलत नाही. नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी तो कण १९६३ साली शोधला, पण आमच्या घरात त्याचं नाव यंदा पोचलं. ५० मिलिग्रॅमच्या वर गेला की धोका वाढलेला धरतात. दादाचा आला ९२.

म्हणजे तो आम्हा भावंडांपैकी कुणाच्याही रक्तात असू शकतो. माझं रक्त सोमवारी देऊन झालं. ताई म्हणते, गणपती झाल्यावर बघू. ताई, हे वाचत असशील तर गणपतीला अजून पाच आठवडे आहेत.