सिकंदरबागेतील एक छायाचित्र

लखनौस जाणारा प्रवासी मोठा इमामबाडा पाहतो, भुलभुलैयात हौसेने वाट चुकतो, चिकनचे कापड घेतो आणि वेळ उरलाच तर रेसिडेन्सीच्या भग्नावशेषांतून एक फेरी मारतो. सिकंदरबागेकडे मुद्दाम वळणारे थोडेच. वाचकहो, आपण तिकडे गेलात, तर राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेच्या परिसरात एक जुने कमानदार प्रवेशद्वार आपल्या दृष्टीस पडेल. अवधच्या राजचिन्हातील माशांची जोडी त्यावर आजही आहे. नबाब वाजिद अली शाह यांनी ही बाग सजविली. सिकंदर महल बेगमेच्या नावाने ती ओळखली जाते. हे द्वार, तटाचा काही भाग आणि एक लहानशी मशीद, एवढेच काय ते जुने अवशेष.

जाण्यापूर्वी मात्र एक छायाचित्र पाहून जावे. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या कागदावरचे, तपकिरी छटेचे हे चित्र आहे. मागे तोफगोळ्यांनी विदीर्ण झालेला स्तंभयुक्त प्रासाद. त्यापुढे काही हिंदी माणसे व एक घोडा. आणि अगदी पुढे, अंगणभर विखुरलेल्या मानवी अस्थी व कवट्या. प्रथम दृष्टी जाते ती खांबांकडे. अस्थी मागाहून ओळखू येतात, आणि मग दुसरे काही दिसेनासे होते.

१६ नोव्हेंबर १८५७ रोजी, रेसिडेन्सीत अडकलेल्या इंग्रजांच्या सुटकेसाठी निघालेल्या सर कॉलिन कॅम्पबेलच्या सैन्याने तोफांनी या बागेच्या तटाला खिंडार पाडले. आतील हिंदी शिपायांना निसटण्यास वाट उरली नाही. कानपूरच्या सुडाने पेटलेल्या सैन्याने कोणालाही जीवदान दिले नाही. सुमारे २,००० माणसे त्या आवारात पडली. आसपासच्या वस्तीत आजही ज्यांचे नाव आदराने घेतले जाते त्या ऊदादेवी पासी, पिंपळावर चढून शत्रूवर गोळ्या झाडता झाडता येथेच कामी आल्या, असे परंपरा सांगते.

छायाचित्रकार फेलिचे बिआतो क्रिमियाच्या युद्धभूमीची चित्रे घेऊन प्रसिद्धीस आला होता. लखनौला तो पोहोचला १८५८ च्या वसंतात, म्हणजे लढाईनंतर चार-पाच महिन्यांनी. त्या काळी रासायनिक द्रावण लावलेली काच ओली असतानाच चित्र घ्यावे लागे व लगेच अंधाऱ्या तंबूत ते धुवावे लागे. धावत्या माणसाचा केवळ धूसर डाग उमटे. प्रत्यक्ष लढाई टिपणे अशक्यच होते. टिपता येई ती लढाईनंतरची शांतता. चित्रातील माणसे इतकी निश्चल का, हे यावरून कळेल.

परंतु ही शांतता तरी जशीच्या तशी होती काय? त्या वेळी लखनौत असलेले मुलकी अधिकारी सर जॉर्ज कॅम्पबेल यांच्या १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत असा उल्लेख आहे की, झाकून टाकलेली प्रेते छायाचित्रकाराच्या आग्रहावरून पुन्हा उघडी करण्यात आली. अस्थींची अशी मांडणी खरेच झाली असेल, तर ती ज्यांच्यासाठी झाली ते ग्राहकही उघड आहेत. बिआतोची चित्रे इंग्रज अधिकारी आठवण म्हणून विकत घेत. आज ती मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत, दिल्लीच्या अल्काझी संग्रहातही आहेत, आणि संग्राहक त्यांच्या जुन्या प्रती मोलाने घेतात. मरण खोटे नव्हते. त्याचे प्रदर्शन मात्र मांडलेले असावे, असे मला वाटते.

या चित्राचे इंग्रजी शीर्षक मराठीत आणताना माझी लेखणी अडली. ‘२,००० बंडखोरांची कत्तल’ असे त्यात म्हटले आहे. ‘कत्तल’ हा शब्द मी निःशंकपणे ठेवला असता; तो विजेत्यांनीच वापरलेला आहे. ‘बंडखोर’ मात्र हातून लिहवेना. ‘स्वातंत्र्यवीर’ लिहावे, तर त्या शिपायांनी स्वतःस त्या नावाने कधी संबोधले नसेल. पण खरी मेख निराळीच होती. शीर्षकात तारीख आहे ती केवळ लढाईची, नोव्हेंबर १८५७. ती वाचणाऱ्यास वाटावे की, तोफा थंडावल्या आणि छायाचित्रकाराने काच उघडली. मधले महिने शीर्षकातून निसटले आहेत आणि त्याबरोबर अस्थींना हलविणारे हातही.

शेवटी मी चित्राखाली एवढेच लिहिले : ‘सिकंदरबाग, लखनौ. येथे १६ नोव्हेंबर १८५७ रोजी सुमारे २,००० हिंदी शिपाई मारले गेले. छायाचित्र १८५८ मधील.’