विश्रांतवाडीच्या उंबऱ्याशी आलेला महाराष्ट्र

‘महाराष्ट्राच्या इतिहासातील महत्त्वाचे प्रसंग लिहा’ असा प्रश्न पेपरात आला, की मुलांची उत्तरं ठरलेली असतात. शिवरायांचा राज्याभिषेक १६७४, पानिपत १७६१, पेशवाईचा अस्त १८१८ आणि महाराष्ट्र राज्याची स्थापना १ मे १९६०. सन बरोबर आला की मार्क मिळाले! पण ह्या सनावळीच्या मधल्या जागेत काय काय घडलं, आणि ते आपल्या घरापासून किती जवळ घडलं, हे मुलांना माहीत नसतं. आणि खरं सांगू का मैत्रिणींनो, आपल्यालाही कुठे असतं? पाहुणे आले की आपण त्यांना शनिवारवाडा दाखवतो, सारसबागेत नेतो. आमच्या विश्रांतवाडीला काय बघायचंय, असंच सगळे म्हणतात.

तर चला, आज आमच्या बाजूला.

सुरुवात आळंदी रस्त्यापासूनच करावी. एरवी या रस्त्यावर नुसती वाहनांची झुंबड. पण ज्येष्ठ वद्य अष्टमीला ज्ञानोबांची पालखी आळंदीहून निघते आणि दुसऱ्या दिवशी दिघी, कळस, विश्रांतवाडी करत पुण्यात शिरते, तेव्हा हाच रस्ता ओळखू येत नाही. टाळांचा आवाज आधी येतो, मग पताका दिसतात. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या, पायात साध्या चपला घातलेल्या बायका झपाझपा चालत असतात. ज्ञानेश्वरी १२९० सालची, माउलींची समाधी १२९६ सालची. म्हणजे सातशे वर्षांहून जुना माणूस दरवर्षी आपल्या दारावरून जातो म्हणायचा! आजची ही सोहळ्याची रीत एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी घालून दिली.

याच वारीत एकदा चालल्या होत्या इरावतीबाई कर्वे. आमच्या शेजारी येरवड्याला डेक्कन कॉलेजची जुनी दगडी वास्तू आहे, तिथे त्या १९३९ पासून शिकवत आणि संशोधन करत होत्या. ‘युगान्त’ बहुतेकींनी वाचलं असेल. १९६८ साली त्याला साहित्य अकादमीचं पारितोषिक मिळालं. वारीवरच्या त्यांच्या लेखात महाराष्ट्राची एक सुंदर व्याख्या आहे. नकाशावरच्या रेघांनी नव्हे, तर पंढरीला जाणाऱ्या माणसांनी त्यांनी महाराष्ट्र ओळखला. पण बाई होत्या चिकित्सक. एकाच दिंडीत अभंग एक, वाट एक, पाऊस एक. जेवायची वेळ झाली की ब्राह्मणांची पंगत निराळी आणि मराठ्यांची निराळी, हे त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. ते त्यांना लागलं, आणि त्यांनी ते तसंच लिहिलं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढच्या ठिकाणी हाच धागा पुन्हा हाती येतो.

ते ठिकाण म्हणजे येरवड्याचा तुरुंग. आपण तो बाहेरूनच पाहायचा. उंच भिंत पाहून मुलं विचारतात, ‘आत चोर असतात ना?’ त्यांना सांगावं, की रँडच्या वधानंतर १८९८ आणि १८९९ साली चापेकर बंधूंना इथेच फाशी झाली. दामोदर, बाळकृष्ण, वासुदेव. एका आईचे तीन मुलगे! इतिहासाच्या पुस्तकात त्यांना एक ओळ असते. त्या माउलीने पुढचे दिवस कसे काढले असतील, याला मात्र ओळ नाही.

आणि इथेच सप्टेंबर १९३२ मध्ये पुणे करार झाला. अस्पृश्य समाजाला स्वतंत्र मतदारसंघ देण्याचा निर्णय ब्रिटिश सरकारने ऑगस्टमध्ये जाहीर केला. बाबासाहेब आंबेडकरांना ते हवे होते. आपला प्रतिनिधी आपल्याच लोकांनी निवडावा, म्हणजे तो कुणाच्या मेहेरबानीवर राहत नाही, हे त्यांचं म्हणणं. गांधीजी तेव्हा येरवड्यात कैदेत होते. स्वतंत्र मतदारसंघांनी हिंदू समाज कायमचा दुभंगेल म्हणून त्यांनी २० सप्टेंबरला प्राणांतिक उपोषण सुरू केलं. साऱ्या देशाचे डोळे बाबासाहेबांकडे लागले. केवढं ते ओझं! एकीकडे आपल्या माणसांचा हक्क, दुसरीकडे एका माणसाचा जीव. २४ तारखेला करारावर सह्या झाल्या. मतदारसंघ संयुक्त राहिले, प्रांतिक कायदेमंडळांत १४८ जागा राखीव झाल्या. २६ तारखेला कस्तुरबांच्या हातून संत्र्याचा रस घेऊन गांधीजींनी उपास सोडला. बाबासाहेबांनी मात्र या कराराबद्दलची आपली नाराजी पुढे रोखठोक लिहून ठेवली. मुलांना सांगताना दोन्ही बाजू सांगाव्यात. एकच सांगितली तर ती गोष्ट होते, इतिहास नाही.

तिथून नगर रस्त्याला आगाखान पॅलेस. १८९२ साली दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून बांधलेली ही वास्तू. कमानी, व्हरांडे, मोठी बाग. डबा घेऊन जायला छान. पण आधी समाधीकडे जावं. ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजी, कस्तुरबा, महादेवभाई देसाई, सरोजिनी नायडू अशा मंडळींना इथे डांबलं. अटकेनंतर सहाव्याच दिवशी, १५ ऑगस्टला महादेवभाई गेले. आणि २२ फेब्रुवारी १९४४ ला, महाशिवरात्रीच्या दिवशी, कस्तुरबा. नवऱ्याने स्वतः कातलेल्या सुताची साडी नेसवून त्यांना इथेच अग्नी दिला. बासष्ट वर्षांच्या संसाराचा शेवट तुरुंगात! महालात ठेवलं म्हणून तुरुंग थोडाच बदलतो? बाहेर फलकावर नाव गांधीजींचं मोठं दिसतं. तुम्ही दोन फुलं बांसाठी घेऊन जा.

यानंतर १६ वर्षांनी महाराष्ट्र राज्य झालं. ते काही आयतं पदरात पडलं नाही. नोव्हेंबर १९५५ मध्ये मुंबईला फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला, शंभरावर माणसं या लढ्यात गेली, तेव्हा कुठे १ मे १९६० उजाडला. तेव्हा २६ जिल्हे होते, आता ३६ आहेत. बेळगाव राहिलं ते राहिलंच.

रेघा अशा आखल्या जातात, पुसल्या जातात, पुन्हा आखल्या जातात. ते काम सरकारचं. पण इरावतीबाईंना वारीत खुपली ती रेघ दिल्लीत नव्हती आखली. ती चुलीपाशी होती, आणि चूल आपल्या हातात आहे. पालखीच्या दिवशी आमच्या भागातल्या बायका रस्त्यावर उभ्या राहून कोण, कुठला, न विचारता चहा देतात, पिठलं-भाकरी वाढतात. त्याच आपल्यातल्या काही घरांत कामवालीचा कप मात्र अजून फळीच्या कोपऱ्यात वेगळा पालथा घातलेला असतो. पुढच्या ज्येष्ठात पालखी येण्याआधी आपण घर झाडू, पायरी धुऊ. तेव्हाच तो कपही उचलून बाकीच्या कपांत ठेवून द्यावा. त्याला ना करार लागतो, ना उपास.